विश्लेषण : जपानच्या जुन्या गेम कॅसेट निघाल्या कुठे?

टोकियोच्या अकिहाबारा भागातील जुन्या व्हिडीओ गेमची दुकाने एकेकाळी स्थानिक शौकिनांची होती. आता तिथे परदेशी पर्यटकांची झुंबड असते. चाळीस वर्षांपूर्वीचे कन्सोल, कॅसेट, खोकी, माहितीपुस्तिका, एवढेच काय पण तारा आणि अडॅप्टरही सुटकेसमध्ये भरून देशाबाहेर जात आहेत. हा केवळ आठवणींचा बाजार आहे, की एका देशाचा सांस्कृतिक ठेवा हळूहळू बाहेर चालला आहे? आणि या वस्तू जमवणारे छांदिष्ट ठेवा वाचवत आहेत, की महाग करत आहेत?

नेमके काय घडते आहे?

जुन्या जपानी गेमना मागणी नवी नाही. मात्र गेल्या काही वर्षांत तीन गोष्टी एकदम जुळून आल्या. करोनाकाळात घरी बसलेल्या पस्तिशी-चाळिशीच्या पिढीला लहानपणचे खेळ आठवले आणि हाती खर्चायला पैसाही होता. त्यानंतर जपानी येन घसरला आणि परदेशी खरेदीदाराला जपानमधील प्रत्येक वस्तू स्वस्त वाटू लागली. तिसरी गोष्ट म्हणजे जपानमधील ‘मर्कारी’ आणि ‘याहू ऑक्शन’ यांसारख्या स्थळांवरील माल मध्यस्थ कंपन्यांमार्फत जगात कुठूनही मागवता येऊ लागला. परिणामी जे गेम पूर्वी जपानबाहेरच्या शौकिनाला ऐकूनच माहीत असत, ते आता मोबाइलवर दिसतात आणि विकतही घेता येतात.

याचा फटका दुकानांतील साठ्याला बसला. जुन्या गेमचे नवे उत्पादन होत नाही. जेवढे तेव्हा बनले, तेवढेच आज आहेत आणि त्यातलेही बरेच कचऱ्यात गेले आहेत. एखादी वस्तू देशाबाहेर गेली, की ती सहसा परत येत नाही. त्यामुळे चांगल्या स्थितीतील, खोक्यासह असलेला माल दुर्मीळ होतो आहे आणि त्याची किंमत चढत आहे.

संग्राहक नेमके काय जमवतात?

या छंदाचा केंद्रबिंदू आहे निन्तेन्दोचा ‘फॅमिली कॉम्प्युटर’, म्हणजेच ‘फॅमिकॉम’. १५ जुलै १९८३ रोजी तो १४,८०० येन किमतीला बाजारात आला. त्याच दिवशी सेगा कंपनीनेही ‘एसजी-१०००’ हा कन्सोल आणला होता. फॅमिकॉम आणि त्याची परदेशी आवृत्ती ‘एनईएस’ मिळून जगभरात ६ कोटी १९ लाख संच विकले गेले. त्यातले सुमारे १ कोटी ९३ लाख एकट्या जपानमध्ये खपले. या यंत्राची रचना करणारे मासायुकी उएमुरा पुढे क्योतोच्या रित्सुमेइकान विद्यापीठात अध्यापक झाले आणि गेमच्या अभ्यासाला त्यांनी प्रतिष्ठा मिळवून दिली. डिसेंबर २०२१ मध्ये त्यांचे निधन झाले.

फॅमिकॉमनंतरची यादी मोठी आहे. एनईसी आणि हडसन यांचा ‘पीसी इंजिन’ (१९८७), सेगाचा ‘मेगा ड्राइव्ह’ (१९८८), निन्तेन्दोचा ‘गेम बॉय’ (१९८९) आणि ‘सुपर फॅमिकॉम’ (१९९०), सेगाचा ‘सॅटर्न’ आणि सोनीचे ‘प्लेस्टेशन’ (दोन्ही १९९४), ‘व्हर्च्युअल बॉय’ (१९९५) आणि १९९८ चा ‘ड्रीमकास्ट’. ड्रीमकास्टनंतर सेगाने २००१ मध्ये कन्सोल बनवणेच थांबवले. एसएनके कंपनीच्या ‘निओ जिओ’च्या एकेका कॅसेटची किंमत तेव्हाच सुमारे ३० हजार येन असे. त्यामुळे त्या कमी खपल्या आणि आज त्याच सर्वाधिक शोधल्या जाणाऱ्या वस्तूंत गणल्या जातात.

यंत्राइतकेच महत्त्व पूरक वस्तूंना आहे. फॅमिकॉमच्या दुसऱ्या कंट्रोलरमध्ये चक्क मायक्रोफोन होता आणि काही गेममध्ये त्यात ओरडून शत्रूला मारता येई. परदेशी आवृत्तीत हा माइक वगळण्यात आला. त्यामुळे मूळ खेळ जसा खेळला गेला तसा अनुभवायचा, तर जपानी यंत्रच लागते. अगदी सुरुवातीच्या फॅमिकॉमची बटणे चौकोनी रबराची होती. ती लवकर खराब होत म्हणून कंपनीने गोल बटणे आणली. आज चौकोनी बटणांच्या संचाला जास्त भाव मिळतो. प्रकाशाच्या बंदुका, छोटा प्लॅस्टिकचा रोबो, फ्लॉपीसारख्या चकत्यांवर गेम चालवणारी १९८६ ची ‘डिस्क सिस्टीम’, यांचेही स्वतंत्र चाहते आहेत.

जपानमध्ये एवढा साठा उरला कसा?

याचे उत्तर काही प्रमाणात कायद्यात आहे. अमेरिकेत ऐंशी-नव्वदच्या दशकात गेम भाड्याने आणण्याची दुकाने गल्लोगल्ली होती. जपानमध्ये मात्र गेम भाड्याने द्यायला हक्कधारकाची परवानगी लागते आणि कंपन्यांनी ती दिली नाही. त्यामुळे मुलांपुढे दोनच मार्ग उरले : नवा गेम घ्या, किंवा वापरलेला घ्या. खेळून झालेला गेम विकून त्या पैशांत दुसरा आणायचा, ही सवय तिथे रुजली. विकताना चांगला भाव यावा म्हणून खोके आणि पुस्तिका जपून ठेवण्याचीही सवय लागली.

गेम कंपन्यांना हा जुना बाजार खटकत होता. जपानी कायद्यात चित्रपटाच्या वितरणावर निर्मात्याचा विशेष हक्क असतो. गेम हाही एक प्रकारचा चित्रपटच आहे, म्हणून त्याच्या पुनर्विक्रीला आमची परवानगी हवी, असा कंपन्यांचा युक्तिवाद होता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. २५ एप्रिल २००२ रोजी न्यायालयाने गेम ही चित्रपटासारखी कृती असल्याचे मान्य केले. मात्र प्रत एकदा विकली गेली, की त्या प्रतीपुरता वितरणाचा हक्क संपतो, असा निकाल दिला. या एका निकालामुळे जुन्या गेमच्या दुकानांना कायमचे अभय मिळाले.

वापरलेल्या वस्तूंच्या व्यापारावर जपानमध्ये १९४९ पासून स्वतंत्र कायदा आहे. दुकानदाराला परवाना घ्यावा लागतो. चोरीचा माल फिरू नये हा त्यामागचा हेतू. अशा शिस्तीमुळे ग्राहकाचा विश्वास बसला आणि ‘बुक ऑफ’, ‘हार्ड ऑफ’, ‘सुरुगाया’, ‘मांदाराके’, ‘सुपर पोटॅटो’ यांसारख्या साखळ्या आणि दुकाने उभी राहिली. टोकियोत अकिहाबारा आणि नाकानो, ओसाकात डेन डेन टाउन ही त्यांची ठिकाणे जगभरच्या शौकिनांना तोंडपाठ आहेत.

येन आणि पर्यटक यांचा संबंध काय?

संबंध थेट आहे. २०२१ च्या सुरुवातीला एका डॉलरला सुमारे १०३ येन मिळत. जुलै २०२४ मध्ये तोच दर १६१ च्या पुढे गेला. येनची ही १९८६ नंतरची नीचांकी पातळी होती. म्हणजे १० हजार येनचा गेम अमेरिकी ग्राहकाला आधी सुमारे ९७ डॉलरना पडत असे, तो ६२ डॉलरना पडू लागला. दुकानदाराने भाव वाढवला तरी परदेशी ग्राहकाला तो स्वस्तच वाटतो. येनमध्ये पगार घेणाऱ्या जपानी शौकिनाला मात्र त्या वाढीची पूर्ण झळ बसते.

त्यात पर्यटकांची लाट आली. २०२४ मध्ये ३ कोटी ६८ लाखांहून अधिक परदेशी पाहुणे जपानमध्ये आले. २०१९ चा ३ कोटी १८ लाखांचा विक्रम त्यामुळे मोडला. परदेशी पर्यटकांना एका दुकानात ठरावीक रकमेच्या वरच्या खरेदीवर १० टक्के उपभोग कर माफ होतो. म्हणजे तीच कॅसेट त्याच दुकानात पर्यटकाला स्थानिकापेक्षा स्वस्त पडते. या सवलतीचा गैरफायदा घेऊन माल देशातच विकला जात असल्याच्या तक्रारींनंतर सरकारने पद्धत बदलण्याचे ठरवले. १ नोव्हेंबर २०२६ पासून पर्यटकाने आधी कर भरायचा आणि देश सोडताना माल दाखवून परतावा घ्यायचा, अशी नवी व्यवस्था आहे.

टपालाने जाणाऱ्या मालावरही धोरणांचा परिणाम होतो. अमेरिकेने ऑगस्ट २०२५ अखेर ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलना असलेली शुल्कमाफी बंद केली. तेव्हा जपान पोस्टने अमेरिकेला जाणारी बरीच पार्सले स्वीकारणे काही काळ थांबवले होते. अमेरिका ही या छंदाची मोठी बाजारपेठ असल्याने मध्यस्थ आणि विक्रेते या दोघांचीही गणिते बदलली.

कोट्यवधींच्या लिलावांमागे काय आहे?

२०२१ च्या उन्हाळ्यात जुने गेम अचानक बातम्यांत झळकले. जुलैमध्ये अमेरिकेतील हेरिटेज ऑक्शन्समध्ये ‘लेजंड ऑफ झेल्डा’ची सीलबंद प्रत ८ लाख ७० हजार डॉलरना विकली गेली. दोनच दिवसांनी ‘सुपर मारिओ ६४’च्या सीलबंद प्रतीला १५ लाख ६० हजार डॉलर मिळाले. ऑगस्टमध्ये ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ची एक प्रत २० लाख डॉलरना गेली. हे गेम जपानी कंपनीचे असले, तरी विकल्या गेलेल्या प्रती अमेरिकी आवृत्तीच्या होत्या, हे लक्षात घ्यायला हवे.

अमेरिकेत गेम प्लॅस्टिकच्या वेष्टनात सीलबंद विकले जात. त्यामुळे ‘कधीच न उघडलेली’ प्रत आणि तिला त्रयस्थ कंपनीने दिलेला दर्जा यांवर तिथला बाजार उभा राहिला. अशा प्रतींना गुण देणाऱ्या ‘वाटा’ या कंपनीवर २०२२ मध्ये अमेरिकेत सामूहिक दावा दाखल झाला. बाजार कृत्रिमरीत्या फुगवल्याचा त्यात आरोप होता. कंपनीने असे आरोप निराधार असल्याचे म्हटले होते. दरम्यान, विक्रमी बोलींचा तो उन्मादही ओसरला.

जपानमधील छंदाची जातकुळी वेगळी आहे. फॅमिकॉमच्या काळातील गेम तिथे साध्या पुठ्ठ्याच्या खोक्यात मिळत. त्यामुळे ‘सीलबंद’ या शब्दाला तिथे तितका अर्थ नाही. खोके, पुस्तिका, आतला पुठ्ठ्याचा साचा, ग्राहक नोंदणीचे कार्ड, सगळे जागच्या जागी आहे का, हा तिथला खरा प्रश्न. अनेक कॅसेटवर मूळ मालकाच्या मुलाने मार्करने लिहिलेले नाव असते. बाजाराच्या दृष्टीने तो दोष. पण जपानमध्ये अशाच नाव लिहिलेल्या कॅसेट जमवून त्या मूळ मालकांपर्यंत परत पोहोचवण्याचा उपक्रमही चालवला जातो. पंधरा लाख डॉलर असोत की दीडशे येन, वस्तूचे मोल कोण कशात मोजतो यावर छंदाची दिशा ठरते.

दुकानातील पाट्यांचा अर्थ काय?

जपानी दुकानांत आणि लिलावांत वस्तूच्या स्थितीसाठी ठरलेले शब्द आहेत. नवख्या ग्राहकाची फसगत बहुतेक वेळा ते न कळल्याने होते. ‘हाको-सेत्सु त्सुकी’ म्हणजे खोके आणि पुस्तिका दोन्ही आहेत. ‘सोफुतो नोमी’ म्हणजे नुसती कॅसेट किंवा चकती. ‘दोसा काकुनिन झुमी’ म्हणजे चालवून पाहिले आहे. ‘मिशियो’ म्हणजे न वापरलेली वस्तू.

सर्वांत महत्त्वाचा शब्द ‘जंक’. त्याचा अर्थ वस्तू बिघडलेलीच आहे असा नाही. दुकानदार कोणतीही हमी देत नाही आणि माल परत घेणार नाही, एवढाच त्याचा अर्थ. जंकच्या पेटीतील शंभर-दोनशे येनची कॅसेट घरी नेऊन पुसली की उत्तम चालते, हा अनेकांचा अनुभव. तसेच जंकमधून उचललेला कन्सोल आतून पूर्ण गंजलेलाही निघू शकतो. दुरुस्ती येणाऱ्यासाठी ती खाण आहे, न येणाऱ्यासाठी जुगार.

भावाबाबत एक गैरसमज दूर करायला हवा. जुना म्हणजे महाग असे नसते. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’च्या एकट्या जपानमध्ये ६८ लाखांवर प्रती खपल्या. त्यामुळे त्याची सुटी कॅसेट दुर्मीळ नाही. महाग असतात ते कन्सोलच्या शेवटच्या काळात, कमी संख्येने निघालेले गेम. तेव्हा ग्राहक नव्या यंत्राकडे वळलेला असतो, दुकानदार कमी प्रती मागवतो, आणि वीस वर्षांनी त्याच थोड्या प्रतींसाठी चढाओढ लागते.

महागड्या गेमच्या बनावट प्रतीही बाजारात आहेत. गेम बॉयच्या लोकप्रिय कॅसेटच्या नकला सर्रास आढळतात. लेबलाची छपाई फिकट किंवा जास्त चकचकीत असणे, प्लॅस्टिकचा रंग वेगळा असणे, आतल्या सर्किटवर कंपनीचे नाव नसणे, या खुणा तपासल्या जातात. छायाचित्रात सर्किट दाखवायला विक्रेता नकार देत असेल, तर ती खूण पुरेशी मानली जाते.

या वस्तू टिकतात किती?

छंदातील खरी लढाई भावाशी नाही, काळाशी आहे. कॅसेटमधील चिप तुलनेने टिकाऊ असते. पण खेळाची प्रगती साठवून ठेवणाऱ्या कॅसेटमध्ये नाण्याएवढी बॅटरी असते. ती संपली की लहानपणी जमवलेली सगळी प्रगती पुसली जाते. बॅटरी बदलता येते, पण त्यासाठी कॅसेट उघडून झाळकाम करावे लागते.

कन्सोलमधील इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर हा दुसरा शत्रू. वयानुसार त्यातील द्राव पाझरतो आणि सर्किटवरील तांब्याच्या रेषा खाऊन टाकतो. सेगाचा ‘गेम गिअर’ आणि पीसी इंजिनचे काही प्रकार यासाठी कुप्रसिद्ध आहेत. न वापरता कपाटात जपून ठेवलेला संचही यातून सुटत नाही. डिस्क सिस्टीममधील रबरी पट्टा कालांतराने विरघळून चिकट होतो. प्लेस्टेशन, सॅटर्नसारख्या यंत्रांत चकती वाचणारे लेझर थकते. पांढरे-राखाडी प्लॅस्टिक पिवळे पडते. गेम बॉयच्या पडद्यावर डाग येतात.

प्रकाशाच्या बंदुकीची अडचण आणखी वेगळी. ती जुन्या काचेच्या नळीच्या टीव्हीवर चित्र कसे उमटते त्यावर अवलंबून असते. सपाट पडद्यावर ती चालतच नाही. त्यामुळे गंभीर संग्राहकाच्या घरी एखादा अवजड जुना टीव्हीही असतोच. असे टीव्ही आता बनत नाहीत आणि ते दुरुस्त करणारे कारागीरही कमी झाले आहेत.

कंपन्यांनी यातून कधीच अंग काढून घेतले. निन्तेन्दोने फॅमिकॉम आणि सुपर फॅमिकॉमचे उत्पादन २००३ मध्ये थांबवले. सुटे भाग मिळत नसल्याने फॅमिकॉमची दुरुस्तीही ३१ ऑक्टोबर २००७ पासून बंद केली. तेव्हापासून ही यंत्रे जिवंत ठेवण्याचे काम पूर्णपणे शौकिनांच्या आणि छोट्या दुरुस्तीवाल्यांच्या हाती आहे.

जुने गेम नव्याने का मिळत नाहीत?

काही मिळतात. निन्तेन्दो आपल्या वर्गणीच्या सेवेतून निवडक जुने गेम देते. २०१६ पासून छोट्या आकाराचे ‘मिनी’ कन्सोलही आले. पण हे प्रमाण अल्प आहे. अमेरिकेतील व्हिडीओ गेम हिस्टरी फाउंडेशनने जुलै २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, २०१० पूर्वी अमेरिकेत आलेल्या गेमपैकी ८७ टक्के गेम आज अधिकृतपणे विकत मिळत नाहीत.

कारणे व्यावहारिक आहेत. कंपन्या बुडाल्या किंवा विलीन झाल्या. संगीत, चित्रपट, खेळाडूंची नावे यांचे परवाने संपले. मूळ संगणकीय मजकूर हरवला. ज्या गेमची फारशी विक्री होणार नाही, त्यासाठी हे गुंते सोडवण्यात कोणाला रस नाही. दुसरीकडे जपानमध्ये अशा कृतींचा स्वामित्व हक्क प्रकाशनानंतर ७० वर्षे टिकतो. म्हणजे १९८५ चा गेम २०५५ सालच्या अखेरीपर्यंत सार्वजनिक होणार नाही. तोवर त्याची अनधिकृत प्रत उतरवून घेणे हा हक्कभंगच ठरतो.

डिजिटल दुकानांचा भरवसाही फोल ठरला. निन्तेन्दोने ‘वी’चे ऑनलाइन दुकान जानेवारी २०१९ मध्ये, तर ‘३डीएस’ आणि ‘वी यू’ची दुकाने २७ मार्च २०२३ रोजी बंद केली. केवळ तिथेच मिळणारे गेम त्यानंतर विकत घेण्याचा मार्गच उरला नाही. २०२५ मध्ये आलेल्या ‘स्विच २’च्या अनेक कार्डांत तर गेमच नसतो. असते ती फक्त किल्ली, गेम इंटरनेटवरून उतरवून घ्यावा लागतो. चाळीस वर्षांपूर्वीची कॅसेट आजही यंत्रात घातली की सुरू होते. आजचे कार्ड चाळीस वर्षांनी सुरू होईल का, या शंकेनेच अनेक जण जुन्या वस्तूंकडे वळले आहेत.

संग्राहकांचे योगदान कोणते?

सर्वांत ठळक उदाहरण ‘सॅटेलाव्ह्यू’चे. एप्रिल १९९५ ते जून २००० या काळात सुपर फॅमिकॉमला जोडलेल्या या उपकरणावर उपग्रहामार्फत गेम प्रसारित होत. ठरलेल्या वेळी प्रसारण यायचे, ते छोट्या मेमरी पॅकवर साठवता यायचे आणि नवा गेम आला की जुना पुसला जायचा. अधिकृतपणे या गेमच्या प्रती कधी विकल्याच गेल्या नाहीत. आज त्यातले जे काही उरले आहे, त्याचा मोठा भाग शौकिनांनी जुन्या बाजारातून विकत घेतलेल्या मेमरी पॅकवर सापडला. पॅकमध्ये काय साठवलेले आहे हे विकणाऱ्यालाही अनेकदा माहीत नसे.

संस्थात्मक प्रयत्नही सुरू आहेत. टोकियोतील ‘गेम प्रिझर्वेशन सोसायटी’ २०११ पासून जुन्या फ्लॉपी आणि कॅसेट जतन करते. रित्सुमेइकान विद्यापीठात गेमच्या अभ्यासाचे केंद्र आहे. निन्तेन्दोने २ ऑक्टोबर २०२४ रोजी क्योतोजवळच्या उजी येथे आपल्या जुन्या कारखान्यात संग्रहालय उघडले. जपानच्या राष्ट्रीय ग्रंथालयात खोक्यातून विकल्या जाणाऱ्या गेमची प्रत जमा करण्याचा नियम आहे, पण तो ऑक्टोबर २००० पासून लागू झाला. म्हणजे फॅमिकॉम आणि सुपर फॅमिकॉम यांचा सुवर्णकाळ या नियमाच्या कक्षेबाहेर राहिला. ती पोकळी खासगी संग्रहांनी भरली आहे.

इथेच खरा पेच आहे. मांडणीत ठेवलेला खासगी संग्रह अभ्यासकाला सहज पाहता येत नाही. संग्राहकाच्या निधनानंतर तो विखुरला किंवा मोडीत गेला, तर सगळे मुसळ केरात. त्यातच भाव वाढल्याने मर्यादित निधी असलेल्या संस्थांना दुर्मीळ वस्तू विकत घेणे परवडत नाही. अमेरिकेत संशोधकांना जुने गेम ग्रंथालयाबाहेरूनही पाहता यावेत, ही मागणी तिथल्या स्वामित्व हक्क कार्यालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये फेटाळली.

भारताशी याचा धागा कोणता?

महाराष्ट्रातील चाळिशीच्या पिढीने फॅमिकॉम पाहिला आहे, फक्त त्या नावाने नव्हे. नव्वदच्या दशकात ‘समुराई’, ‘मीडिया’, ‘लिटल मास्टर’ अशा नावांनी जे टीव्ही गेम घरोघरी आले, त्यांतील बहुतेक फॅमिकॉमच्या तंत्रावर चालणारे किंवा त्याची नक्कल असलेले होते. ‘मारिओ’, ‘कॉन्ट्रा’, ‘डक हंट’ हे खेळ दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुट्टीत भावंडांनी आळीपाळीने खेळले. ‘९९९९ इन १’ लिहिलेल्या कॅसेटमध्ये तेच पाच-दहा खेळ फिरून फिरून येत. गंमत म्हणजे जपानी लोकही या वस्तूला ‘कासेत्तो’ म्हणजे कॅसेटच म्हणतात.

आज इथून अस्सल जपानी वस्तू मागवायची तर काही अडचणी ठाऊक असाव्यात. जपानमधील वीज १०० व्होल्टची, इथली २३० व्होल्टची. मूळ अडॅप्टर थेट भिंतीत लावला तर जळतो. त्यासाठी व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर किंवा योग्य मापाचा वेगळा अडॅप्टर लागतो. जपानी यंत्र ‘एनटीएससी’ पद्धतीचे चित्र देते, तेव्हा टीव्ही ते स्वीकारतो का हे पाहावे लागते. फॅमिकॉमच्या कॅसेटला ६० पिना असतात, परदेशी एनईएसच्या कॅसेटला ७२. एक दुसऱ्यात थेट बसत नाही. प्लेस्टेशनसारख्या यंत्रांवर प्रदेशाचे कुलूप असते, गेम बॉयवर ते नाही. म्हणून नवख्याला गेम बॉयपासून सुरुवात करणे सोपे जाते. याशिवाय पार्सलवर सीमाशुल्क आणि कर लागू शकतो आणि वापरलेल्या मालाच्या व्यापारी आयातीवर निर्बंध आहेत. कॅसेटची किंमत कमी आणि ती घरी पोहोचवण्याचा खर्च जास्त, असे गणित अनेकदा होते.

पुढे काय?

येन सावरला आणि करसवलतीची नवी पद्धत लागू झाली, तर पर्यटकांची खरेदी काहीशी आटोक्यात येऊ शकते. मूळ चिपचे वागणे हुबेहूब उतरवणाऱ्या नव्या यंत्रांमुळे खेळण्यासाठी जुनाच कन्सोल हवा, ही गरजही कमी होते आहे. २०२१ मध्ये आलेला ‘अ‍ॅनालॉग पॉकेट’ हे त्याचे उदाहरण. ज्यांना केवळ खेळायचे आहे ते तिकडे वळले, तर मूळ वस्तूंवरील ताण हलका होईल.

पण वस्तूंचे वय थांबणार नाही. कपॅसिटर पाझरत राहतील, चकत्या खराब होत राहतील आणि ज्यांनी हे गेम घडवले ती पिढीही थकत जाईल. कायद्याने दिलेली ७० वर्षांची मुदत संपेपर्यंत त्यातले किती गेम चालू स्थितीत उरतील, हा कळीचा मुद्दा आहे. संग्रहालये आणि ग्रंथालयांना वेळीच प्रत जतन करण्याची आणि ती अभ्यासकांना दाखवण्याची मुभा मिळाली, तर खासगी कपाटांवरचा भार कमी होईल. तोवर हा ठेवा टिकतो आहे तो झाळणी हातात घेऊन बसलेल्या, खोक्याचा फाटका कोपरा जपणाऱ्या छांदिष्टांमुळेच. भाव चढवणारेही त्यांच्यातलेच आहेत आणि वाचवणारेही.